केराबाईचा पहारा

केराबाईला लोक शेवटपर्यंत ‘वीणेची आक्का’ म्हणत राहिले. तिला ते नाव कधी आवडलं नाही. आवडणार तरी कसं? त्या नावापायी एकुलत्या एका लेकीच्या बाळंतपणालासुद्धा जाता येऊ नये, अशी तिची गत झाली होती.

मूळची ती मोडनिंबकडची, धनगराच्या घरची. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून ही जन्मली तेव्हा आजीने तिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि लगेच परत उचलून आणलं. केरात टाकलेल्या पोरावर कोणाची नजर जात नाही, अशी समजूत. त्यावरून नाव पडलं केरा. एका दुष्काळात तिच्या नवऱ्याने मेंढरं विकून टाकली आणि दोघं सोलापुरात आली. तो गिरणीत मागावर लागला, ती सूत गुंडाळायच्या रिळिंग खात्यात. मानमोडीच्या साथीत तो गेला. मागे राहिली अंबू. तिला केराबाईने एकटीने वाढवलं, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात काम करणाऱ्या बिरप्पाला दिलं, आणि डोळे अधू झाल्यावर गिरणी सोडून ती निंबबावांच्या मठाची माळ घालून तिथे झाडलोट करू लागली. दोन वेळचं जेवण आणि पडवीत निजायला जागा, एवढ्यावर तिचं भागत होतं.

मठ म्हणजे गिरणीच्या चाळींमागची एक दगडी खोली, पडवी आणि लहानसं अंगण. निंबबावा हयातभर गळ्यात वीणा घेऊन तिथल्या लिंबाखाली उभे असत. ते गेले त्या दिवशी त्यांच्या शिष्यांनी शपथ वाहिली, की बावांची वीणा भुईला टेकू द्यायची नाही. दिवस असो, रात्र असो, कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात ती असलीच पाहिजे. पहारा संपला की पुढचा माणूस येऊन आधीच्याच्या पाया पडे, आधीचा त्याच्या पाया पडे, आणि वीणेचा पट्टा या गळ्यातून त्या गळ्यात जाई. वीणा गळ्यात असेतो बसायचं नाही, भिंतीला पाठ लावायची नाही, नामाशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. मठाची माळ घातलेल्या माणसानेच ती घ्यायची. माळ बायकांनाही मिळे. वीणा मात्र पुरुषांची.

सुरुवातीला माणसं उदंड होती. पहारा मिळावा म्हणून भांडणं होत. पुढे गिरण्यांच्या पाळ्या बदलल्या, पोरं भजनापेक्षा तालमीत आणि सभांना जास्त दिसू लागली. रात्रीचे पहारे कसेबसे भरत, पण दिवसा, भोंगा होऊन सगळी चाळ गिरणीत गेली की मठात उरायचा एकटा म्हातारा ज्ञानू. त्याच्यानंतर दुपारी सिद्धलिंगप्पा दुकान बंद करून यायचा, तोही कुरकुरत.

सन एकोणीसशे तीसच्या उन्हाळ्यात शहरात लष्करी कायदा लागला. एके दिवशी ज्ञानू वीणा घेऊन उभा होता आणि दुपार झाली तरी सिद्धलिंगप्पाचा पत्ता नव्हता. कोपऱ्यावर बंदूकवाले उभे होते. कोण कशाला घराबाहेर पडतंय? ज्ञानूचे पाय लटपटू लागले. बोलायची बंदी, म्हणून तो ‘रामकृष्णहरी’च जरा मोठ्याने म्हणू लागला. केराबाई पडवीत ज्वारी पाखडत होती. तिने मान वर करून पाहिलं.

“जरा भिंत धरा की,” ती म्हणाली.

ज्ञानूने मान हलवली. रामकृष्णहरी.

“मग पडाल. पडलात तर वीणा फुटंल, ते चालंल व्हय बावांना?”

ज्ञानूचे डोळे फिरले. केराबाईने सूप टाकलं, पदर खोचला, धावत जाऊन वीणेखाली हात घातला आणि पट्टा आपल्या गळ्यात ओढून घेतला. ज्ञानू तिथल्या तिथे खाली बसला आणि बसल्या बसल्या, रीत म्हणून, त्याने तिच्या पायाला हात लावला. एवढा म्हातारा माणूस आपल्या पाया पडला याचीच तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. वीणेचं तर काही वाटलंच नाही. भरलेली घागर कोणाच्या डोक्यावरून घसरत असली तर आपण नाही का हात देत, तसा तिने हात दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्याबा कसाबसा मठात पोचला तेव्हा केराबाई उभीच होती. तात्याबा म्हणजे मंडळाचा कारभारी. निंबबावांना प्रत्यक्ष पाहिलेला, पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. आता हा आपल्याला मठातून हाकलणार, असं केराबाईने धरून ठेवलं होतं. तात्याबाने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, डोळे पुसले आणि तिच्या पाया पडून वीणा घेतली.

लष्करी कायदा उठल्यावर मंडळाची बैठक भरली. त्या दिवशीही वीणा केराबाईच्याच गळ्यात होती, कारण ज्ञानू अंथरुणाला खिळला होता आणि बाकीच्यांना बैठकीत बसायचं होतं. ती आत उभी, माणसं अंगणात. मधलं दार उघडं.

“दिवसाला माणूस मिळत न्हाय,” श्रीमंत म्हणाला. हा गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, मंडळात सगळ्यांत तरणा आणि तोंडाने तिखट. “मी म्हंतो, वीणा एकादशीला उभी करू. बाकी दिवशी पूजेत ठिवू. आमच्या पोरांस्नी असला मठ न्हाई झेपायचा.”

“शपथ घेतली त्येंच्यातले अजून जिते हायेत की,” सिद्धलिंगप्पा म्हणाला.

“मग जित्यांनी दिवसाला उभं ऱ्हावं. तुमचं दुकान हाय नव्हं?”

हशा झाला.  तात्याबाने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मग तो हळू बोलू लागला.

“आपुन वाट शोधतोय, आन् बावांनी ती दावून ठेवलीया. सारं शेर बंद हुतं, तवा वीणा कुणाच्या हातात गेली? बाईमाणूस खरं, पर विटाळाचं वय सरलेलं. नवरा न्हाई, पोरगी उजवली, मठात ऱ्हाती. तिला दुसरं काम काय? दिवसाचा पहारा केराआक्काचा. बावांनीच नेमलीया तिला. फुडं मठ चालायचा तो असा.”

“मग दुसऱ्या बायांनी बी घ्यावी की,” मागून मायाक्का म्हणाली. ती चाळीतलीच माळकरी विधवा, पाणी भरायला आली होती.

“तिला बावांनी नेमली. तुला कुणी नेमली?” श्रीमंत म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

केराबाई आत उभी राहून सगळं ऐकत होती. कुर्डुवाडीला लेकीकडे जाऊन राहायचं तिच्या मनात होतं. अंबूचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं, सासू नव्हती, घरात बाईमाणूस नव्हतं. येत्या आखाडानंतर मठ सोडायचा, असं तिने अंबूला सांगूनही ठेवलं होतं. दारापर्यंत जाऊन तेवढं बोललं असतं तरी झालं असतं. पण वीणा गळ्यात होती. तिने तोंड उघडलं आणि रामकृष्णहरी म्हटलं. अंगणातल्या माणसांनी ते ऐकून हात जोडले.

बैठक उठल्यावर, पहारा उतरल्यावर ती तात्याबाकडे गेली. “मला लेकीकडं जायचंय,” ती म्हणाली.

“जा की. कोन न्हाई म्हंतंय? तुझ्याजागी दिवसाला कोन उभं ऱ्हाईल, तेवढं सांग.”



तेव्हापासून सकाळच्या भोंग्याला वीणा तिच्या गळ्यात येई ती संध्याकाळचा भोंगा होऊन श्रीमंत येईपर्यंत. मधे थोडा वेळ सिद्धलिंगप्पा घेई, तेवढ्यात ती भाकरी खाऊन घेई. उजव्या खांद्याला पट्ट्याचा वळ पडला, पोटऱ्यांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. बायका आजारी पोरं घेऊन येऊ लागल्या, तिच्या पायांखालची माती कपाळाला लावू लागल्या. ज्या बायकांशी ती नळावर बादलीसाठी भांडायची, त्या आता तिला पुढे जाऊ देत आणि गप्प होत. तिच्यापाशी कोणी चहाडी करीना, कोणी थट्टा करीना.

अपवाद एका अजीजाचा. अजीजा बांगड्या विकायची. दुपारी उन्हाची मठाच्या पायरीवर टोपली ठेवून ती टेकायची आणि आत पाहून म्हणायची, “क्या गे केराक्का, पावां को झाडां की जडां फुटे नै क्या अबतक?”

रामकृष्णहरी.

“तू बोल नै सकती, मेरेकू मालूम है. इसीच वास्ते बोलती मैं. नळ पे तू मेरेकू कभी बोलने दी क्या?” आणि ती स्वतःच हसत सुटायची. केराबाईचं पोट आतल्या आत हलायचं, वीणेच्या तारा थरथरायच्या.

वर्ष गेलं, दुसरं गेलं. अंबूला पुन्हा दिवस राहिले, तेही मूल पोटातच गेलं. केराबाईला ते कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. ती तात्याबापुढे रडली. तात्याबाही रडला, आणि म्हणाला, “बावांची परीक्षा असती, आक्का.” तो ढोंगी नव्हता. त्याचे स्वतःचे गुडघे गेले होते आणि तरी तो पहाटेचा पहारा चुकवत नव्हता. म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नसे.

तिसऱ्या खेपेला मात्र तिने आधीच सांगून ठेवलं. अंबूला सातवा लागला तशी ती मंडळातल्या एकेकाला भेटली. सिद्धलिंगप्पा म्हणाला, नवव्यात बघू. श्रीमंत म्हणाला, तुझ्यासारखी पुण्याई कुणाची हाय? तिने मायाक्काला विचारलं.

“मला वीणा देतील व्हय?” मायाक्का म्हणाली. “तू देवाची हायेस. आमी नळावरच्या.”

“मी कसली देवाची? म्हातारा पडत हुता, मी धरली. एवढंच झालं.”

मायाक्काने हात जोडले. 

एका दुपारी मकदूम टांगा घेऊन मठासमोर थांबला. अजीजाचा नवरा तो. स्टेशनवर त्याचा टांगा असे. कुर्डुवाडीहून आलेल्या एका रेल्वेवाल्याने त्याच्यापाशी निरोप दिला होता. अंबूला सकाळपासून कळा सुरू होत्या, पोर आडवं होतं, आणि ती आईचा धोशा लावून बसली होती. मकदूमने तो निरोप दारातूनच सांगितला आणि मान खाली घालून उभा राहिला. अजीजा पायरीवर होती.

सिद्धलिंगप्पा नुकताच येऊन गेला होता. श्रीमंत यायचा तो भोंग्यानंतर. तोवर गाडी निघून गेली असती. माळ घातलेला एकही माणूस आसपास नव्हता. केराबाईने खोलीकडे नजर टाकली. बावांची गादी, समई, कोपऱ्यातला खराटा. वीणा गादीवर ठेवून निघून जावं असं तिला वाटलं आणि हात पट्ट्याला गेलाही, पण तो तिथेच गोठला. इतकी वर्षं इतक्या माणसांनी उभ्याने काढलेली. आपल्या एकटीच्या हाताने ती टेकवायची, आणि त्याचं फळ अंबूच्या पोटातल्या जिवाला लागलं तर?

“केराक्का,” अजीजा म्हणाली. या खेपेला तिच्या आवाजात थट्टा नव्हती. “तुम्हारी दिंडी निकलती, तब वीणा बाहर आती ना? फिर निकल.”

हे केराबाईला कधी सुचलंच नव्हतं. वीणा खाली ठेवायची नाही, एवढीच शपथ होती. ती याच खोलीत राहिली पाहिजे, असं कोणी म्हटलं नव्हतं.

ती उंबऱ्याबाहेर पडली. टांग्यात बसता येत नव्हतं, म्हणून ती चालत निघाली. मकदूमने घोडा तिच्या पावलाने चालवला. पुढे रिकामा टांगा, मागे वीणा घेतलेली म्हातारी आणि तिच्यामागे टोपली घेतलेली अजीजा अशी ती वरात स्टेशनवर पोचली. अजीजाने तिकीट काढून दिलं. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात माणसांनी उठून बाक मोकळं केलं. ती बसेना, तेव्हा हळूहळू सगळा डबाच अवघडून गेला. मोहोळला एक मुसलमान म्हातारा, माढ्याला एका लेकुरवाळीचा नवरा, दोघांनीही “आण इकडं, जरा हात मोकळा कर” म्हणून पाहिलं. तिने मान हलवली. गाडी गचके खात होती. एका हाताने वीणेची दांडी आणि दुसऱ्या हाताने तिचा भोपळा धरून ती उभी होती, आणि पळायला म्हणून निघालेलो आपण मठ गळ्यात बांधूनच पळतोय, हे तिला त्या गचक्यांत कळत गेलं.

कुर्डुवाडीत बिरप्पाची खोली रेल्वेच्या चाळीत टोकाला होती. दिवस कलला होता. बिरप्पा दुसऱ्या पाळीला गेला होता. दार उघडं होतं आणि अंबूचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. केराबाई दारात जाऊन उभी राहिली. अंबू भिंतीला धरून ओणवी होती, सुईण तिच्यापुढे बसलेली.

“आये,” अंबू म्हणाली.

केराबाई उंबऱ्यात खिळली. एवढं अंतर आली होती आणि पुढची चार हात जागा तिला ओलांडता येईना. हात भरलेले होते. तोंडातून सवयीने रामकृष्णहरी निघालं.

सुईणीने वर पाहिलं. “देवळातल्या खांबागत उभी काय ऱ्हायलीस? आई न्हवं तू? ये, पाठ धर तिची. मला दोन हात हायेत, चार न्हाईत.”

केराबाईने पट्टा डोक्यावरून काढला. ज्वारीच्या कणगीशेजारी कोपरा होता, तिथे तिने वीणा भुईवर टेकवली आणि भिंतीला उभी केली. तारा एकदा झणकल्या आणि थांबल्या. मग ती अंबूच्या मागे जाऊन बसली, दोन्ही पाय पसरून, तिला छातीशी घट्ट धरून. किती वर्षांनी ती दिवसाउजेडी, दुसऱ्या माणसाला धरून, अशी भुईवर बसली होती. दिवेलागणीला मुलगी झाली. सुईणीने पाय धरून उलटी केली, पाठीवर चापट मारली, तशी ती रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तात्याबा आणि श्रीमंत आले. मठ रिकामा पाहून रात्रभर चाळीत कल्लोळ झाला होता. अजीजाने सांगितल्यावर त्यांना ठिकाण कळलं होतं. दोघं दाराबाहेरच थांबले. रात्रभर कोपऱ्यात असलेली वीणा आता बिरप्पाच्या हातात होती. घरात पाहुणे येताहेत असं दिसताच त्याने ती घाईने उचलून घेतली होती.

 “आक्का,” तात्याबा म्हणाला, “एकच सांग. टेकली?”

केराबाईच्या मांडीवर नात होती. नाही म्हटलं असतं तर सगळेच सुखी झाले असते, आणि तीही उद्यापासून पुन्हा त्या दगडी खोलीत उभी असती.

“टेकली,” ती म्हणाली. “मी टेकवली. त्या कणगीपाशी.”

श्रीमंतने बिरप्पाकडे पाहिलं. तात्याबा दाराची चौकट धरून उभा होता. त्या म्हाताऱ्याचा चेहरा असा झाला होता, की बिरप्पाला ते बघवेना.

“न्हाय, न्हाय, तात्या,” बिरप्पा म्हणाला. “मामी दमल्यात. मी धरली हुती की, रातभर.”

“तू तर पाळीला गेल्तास,” केराबाई म्हणाली.

“लवकर सुटलो हुतो.”

“माळ हाय का तुझ्या गळ्यात?”

“माळंचं काय घिऊन बसलीस, आक्का?” श्रीमंत पटकन म्हणाला. “घरचाच माणूस हाय. आज घालतो त्येला. असल्या वक्ताला बाईमाणसाला भान ऱ्हात न्हाई. हे बघा तात्या, टेकली न्हाय.”

तीन वर्षांपूर्वी एकादशीपुरती वीणा ठेवा म्हणणारा श्रीमंत तो हाच. केराबाईने त्याच्याकडे पाहिलं. त्याला शपथेचं काही नव्हतं. पण आपल्या पाळीत मठ रिकामा सापडला, हे त्याला चाळीत सांगायचं नव्हतं. आणि तात्याबाला तर काहीच ऐकू जात नव्हतं. तो बिरप्पाच्या पाया पडला, बिरप्पा गडबडून त्याच्या पाया पडला, आणि वीणा पुन्हा तात्याबाच्या गळ्यात गेली. आता न बोलायचं त्याला बंधन होतं. तो डोळ्यांनीच केराबाईला म्हणाला, चल.

“मी येत न्हाय,” केराबाई म्हणाली.

ती गेली नाही. निरोप आले, माणसं आली, नातीच्या बारशाला मंडळाकडून झबलं-टोपडं आलं. ती गेली नाही. पण तिकडे गोष्ट तिच्यावाचून वाढत होती. वीणा आगगाडीने गेली आणि टेकली नाही, रुळांच्या खडखडाटातही नाम ऐकू येत होतं, पोर आडवं होतं ते वीणेच्या नादाने वळलं. मंडळाला नवी माणसं मिळाली, दिवसाचे पहारे भरू लागले. इतकं, की सोलापूरहून गाडी बदलायला उतरलेले लोक वाट वाकडी करून बिरप्पाच्या खोलीवर येत आणि केराबाईच्या पाया पडत.

“टेकली हुती,” ती प्रत्येकाला सांगे. “मी माज्या हातानं टेकवली.”

लोक हसून एकमेकांकडे बघत. केवढी नम्र बाई. आणि पुन्हा वाकत.

पुढच्या उन्हाळ्यात मायाक्का आली. नव्या भरतीत तिलाही पहारा मिळाला होता, दुपारचा. तो पुरुषांना नकोच होता. केराबाई दारात बसून नातीला तेल लावत होती. मायाक्का पाया पडली नाही. समोर बसली, पाय लांब केले आणि पोटऱ्या चोळू लागली. तिच्या उजव्या खांद्यावर चोळीच्या काठाशी लाल वळ होता.

“लेकीला भाचीच्या लग्नाला घिऊन जायचं हुतं,” ती म्हणाली. “तात्याबा म्हंतो, तुझ्याजागी कोन उभं ऱ्हाईल ते सांग.”

केराबाई नातीचे हात आडवे-उभे करत राहिली.

“केरा, खरं सांग. टेकली हुती का?”

“टेकली हुती.”

“भुईला? का कशावर ठिवलीस?”

“भुईला. शेणानं सारवलेल्या.”

“मग काय झालं?”

“तारा वाजल्या जरा. मग पोरगी झाली.”

“आन् दुसरं?”

“दुसरं काय न्हाय.”

 मायाक्काने तेलाची वाटी बाजूला सारली आणि पोरीला उचलून आपल्या मांडीवर घेतली. “दुपारी मठात कुत्रं बी फिरकत न्हाय,” ती पोरीकडे बघत म्हणाली. “आत चटई हाय. दार लोटून घेतलं तर कुणाला दिसायचं?”

“अजीजा असती पायरीवर,” केराबाई म्हणाली.

“तिला काय, ती बसवूनच घील मला.”

दोघी थोड्या हसल्या. संध्याकाळची गाडी होती, मायाक्का वेळेवर उठली आणि स्टेशनची वाट चालू लागली.